परतीविना मंगळप्रवास : ‘मार्स वन’ या खासगी योजनेची चिकित्सा
(कर्जत-खालापूर परिसरातील अनुभवांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

एप्रिल २०१३ या एकाच महिन्यात परस्परांशी संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यालगत, ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. आणि नेदरलँड्समधील ‘मार्स वन’ या संस्थेने मंगळावर कायमचे राहावयास जाण्यासाठी जगभरातून अर्ज मागविण्यास प्रारंभ केला. उद्यानात तिकीट काढणारा मनुष्य काही क्षण भीतीचा अनुभव घेतो आणि संध्याकाळी घरी परततो. ‘मार्स वन’च्या योजनेत मात्र परतीची सोय नसणे हेच वैशिष्ट्य होते. परतीचे यान नको, म्हणून खर्च कमी. आणि खर्च कमी, म्हणून खासगी पैशांतून मंगळ गाठता येईल, अशी तिची मांडणी होती.

या योजनेचा भारतातही मोठा गाजावाजा झाला. डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेल्या १,०५८ जणांच्या पहिल्या यादीत ६२ भारतीय होते. फेब्रुवारी २०१५ मधील शंभर जणांच्या यादीत तीन भारतीय होते व त्यांत अभियांत्रिकी शिकणारी एक विद्यार्थिनीही होती. पुढे जानेवारी २०१९ मध्ये बाझेल येथील न्यायालयाने ‘मार्स वन व्हेंचर्स’ ही कंपनी दिवाळखोर ठरविली. यानंतर विषय संपला, असे समजले गेले. परंतु पैसे न मिळाल्याने योजना बंद पडणे आणि ती मुळातच अग्राह्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैसे मिळाले असते तर ही योजना स्वीकारार्ह ठरली असती काय, हा प्रश्न दिवाळखोरीने सुटत नाही. मंगळावर वसाहत करण्याची भाषा आजही बड्या उद्योगपतींच्या तोंडी आहे आणि वर्गातील विद्यार्थी ती ऐकत आहेत. म्हणून तंत्र, अर्थकारण आणि नीती या तीन कसोट्यांवर या योजनेची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजनेचे स्वरूप व वाटचाल

बास लान्सडॉर्प आणि आर्नो विल्डर्स यांनी २०११ मध्ये ‘मार्स वन’ची स्थापना केली व २०१२ मध्ये योजना जाहीर केली. आधी सामान व निवारे पाठवायचे, त्यानंतर चार जणांचा पहिला गट उतरवायचा आणि पुढे दर सव्वीस महिन्यांनी, म्हणजे पृथ्वी व मंगळ यांची स्थिती अनुकूल होईल तेव्हा, आणखी चार जण पाठवायचे, असा हा आराखडा होता. पहिला गट पाठविण्याचा खर्च सहा अब्ज डॉलर सांगण्यात आला. तो मुख्यतः प्रक्षेपणाच्या हक्कांतून, म्हणजे निवड, प्रशिक्षण व मंगळावरील जीवन दूरचित्रवाणीवर दाखवून उभा राहावयाचा होता. पहिला गट प्रारंभी २०२३ मध्ये उतरावयाचा होता. मग २०२५, त्यानंतर २०२७ आणि शेवटी २०३० नंतरची वर्षे सांगण्यात आली.

अर्ज दोन लाखांहून अधिक आल्याचे संस्थेने सांगितले. प्रत्यक्षात शुल्क भरून व चित्रफीत पाठवून अर्ज पूर्ण करणारे तीन हजारांहूनही कमी होते, हे पुढे उघड झाले. अंतिम शंभरांत आलेल्या एका आयरिश खगोलशास्त्रज्ञाने मार्च २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले की, निवडीसाठी प्रत्यक्ष भेट झालीच नाही. संगणकावरून सुमारे दहा मिनिटांचा संवाद तेवढा झाला. शासकीय अवकाशसंस्था वर्षभराहून अधिक काळ पारख करून अंतराळवीर निवडतात. ज्या प्रवासातून कोणालाही परत बोलाविता येणार नाही, त्याची निवड मात्र एखाद्या हंगामी नोकरीच्या मुलाखतीहूनही वरवरची होती.

संस्थेच्या समर्थकांत नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ’ट हूफ्ट यांचे नाव होते. त्यांनीही पुढे असे मत नोंदविले की, या कामाला सांगितल्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ व पैसा लागेल. बातम्यांमधून मात्र त्यांचे नाव जितके झळकले तितकी त्यांची शंका झळकली नाही.

तांत्रिक दाव्यांची तपासणी

‘आवश्यक ते सर्व तंत्रज्ञान आज उपलब्ध आहे’ हा योजनेचा मध्यवर्ती दावा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथील संशोधकांनी टोरांटो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत या दाव्याचे स्वतंत्र मूल्यमापन सादर केले. त्यातील युक्तिवाद समजून घेण्याजोगा आहे. सर्व अन्न निवाऱ्यातच पिकवावयाचे असेल, तर संस्थेने गृहीत धरलेल्या पन्नास चौरस मीटरऐवजी सुमारे दोनशे चौरस मीटर लागवड लागेल. एवढी पिके माणसांच्याच हवेत वाढली, तर प्राणवायूचे प्रमाण वाढून आगीचा धोका निर्माण होईल. तो कमी करण्यासाठी हवा बाहेर सोडावी, तर तिच्याबरोबर नायट्रोजनही निघून जाईल. तो भरून काढण्याचा साठा संपला की निवाऱ्यातील दाब उतरेल आणि सुमारे अडुसष्टाव्या दिवशी पहिला मृत्यू ओढवेल. हवेतून केवळ प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रणा पृथ्वीवर आहे. अवकाशात चालेल अशी ती तयार झालेली नव्हती.

या अभ्यासातील गृहीतके चुकीची आहेत, असे लान्सडॉर्प यांनी म्हटले. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टन येथे उभय पक्षांचा जाहीर वादही झाला. अडुसष्ट हा आकडा गृहीतकांवर अवलंबून आहे, हे मान्य करावे लागेल; पिके वेगळ्या कक्षात लावली तर तो बदलेल. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. यंत्रे बिघडतात व सुटे भाग लागतात. वसाहत वाढत गेली की त्यांचा भारही वाढत जातो आणि १३० महिन्यांनंतर पृथ्वीवरून न्यावयाच्या एकूण वजनापैकी सुमारे ६२ टक्के वजन केवळ सुट्या भागांचे होते. म्हणजे परतीचे यान वगळल्याने जी बचत दिसते, ती कायमच्या पुरवठ्याच्या खर्चात नाहीशी होते. परत येणाऱ्या मोहिमेचा खर्च एके दिवशी थांबतो. न परतणाऱ्याचा खर्च त्याच्या मृत्यूपर्यंत चालू राहतो. एकेरी प्रवास स्वस्त असतो, हे योजनेचे मूळ गृहीतकच येथे ढासळते.

उपलब्ध अनुभवही हेच सांगतो. मंगळावरील वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असून त्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. अशा विरळ हवेत अवजड यान उतरविणे अतिशय कठीण असते. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेली ‘क्युरिऑसिटी’ गाडी सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाची होती आणि फेब्रुवारी २०२१ मधील ‘पर्सिव्हिअरन्स’ सुमारे एक टनाची. माणसांच्या निवाऱ्यासाठी याच्या कित्येक पट भार उतरवावा लागेल. मंगळाच्या हवेतून प्राणवायू तयार करणाऱ्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळातील सोळा प्रयोगांत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. तो प्रयोग यशस्वी होता, यात शंका नाही. पण एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, ही गोष्ट त्या यशाशेजारी ठेवून वाचली पाहिजे.

याच काळात भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान पाठविले व २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. सुमारे ४५० कोटी रुपये खर्चाच्या या मोहिमेने मनुष्य पाठविण्याची भाषा केली नाही. जे सांगितले ते केले. यानाचा संपर्क तुटल्यावर २०२२ मध्ये तेही सांगितले. एका बाजूला मर्यादित उद्दिष्ट व तपासता येणारे फलित, दुसऱ्या बाजूला अमर्याद उद्दिष्ट व पुढे पुढे सरकणारी तारीख, असा हा फरक आहे. दावा पडताळून पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली आणि सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस नसल्याचे दाखविले. जी कसोटी पंचांगाला लावली, तीच विज्ञानाच्या वेषात आलेल्या भाकितालाही लावणे आवश्यक आहे. मंगळाच्या नावावर भविष्य सांगणारा ज्योतिषी असो वा उद्योजक, पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याचीच असते.

प्रेक्षकांवर उभे केलेले अर्थकारण

‘मार्स वन’चे आर्थिक प्रारूप ऑलिंपिक सामन्यांच्या प्रक्षेपण-उत्पन्नावर बेतलेले होते. योजनेचे एक समर्थक पॉल रोमर हे ‘बिग ब्रदर’ या १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांपैकी एक होते, ही गोष्ट सूचक आहे. त्याच कार्यक्रमाचा हिंदी अवतार असलेल्या ‘बिग बॉस’चे २०११ मधील पर्व कर्जत येथे चित्रित झाले. ‘जोधा अकबर’साठी आग्ऱ्याचा किल्लाही कर्जतजवळच्या चित्रनगरीतच उभा राहिला होता. खोटे घर आणि खोटा किल्ला कसा उभा राहतो, हे या परिसरातील सुतार, रंगारी व मजूर यांनी जवळून पाहिले आहे. चित्रण संपले की सेट उतरविला जातो, दिवे बंद होतात आणि माणसे कर्जत स्थानकावरून लोकल पकडतात.

मंगळावर दिवे बंद करण्याची सोय नाही. प्रेक्षकांचे कुतूहल ओसरले की जाहिराती थांबतात, जाहिराती थांबल्या की पुरवठा थांबतो. आणि येथे पुरवठा म्हणजे हवा व पाणी. ऑलिंपिकचा उत्साह सतरा दिवसांचा असतो. वसाहतीतील तिशीच्या माणसाचे उरलेले आयुष्य चाळीस वर्षांचे असू शकते. ज्या संस्थेवर ते आयुष्य अवलंबून राहणार होते ती स्थापनेपासून आठ वर्षांच्या आत दिवाळखोर झाली. मोठ्या प्रक्षेपणाचा करारही टिकला नाही. २०१४ मध्ये एका निर्मितीसंस्थेशी झालेली बोलणी २०१५ मध्ये फिसकटली. लोकवर्गणीतून चार लाख डॉलर जमविण्याच्या प्रयत्नात सुमारे तीन लाख तेरा हजार डॉलर जमले. सहा अब्जांशी या रकमेचे प्रमाण काय, हा हिशेब शाळकरी विद्यार्थ्यालाही करता येईल.

खासगी भांडवलाचा स्थानिक इतिहास

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खासगी भांडवल मोठे काम करू शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. खोपोलीचे जलविद्युत केंद्र हेच त्याचे उत्तर आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस आणले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. त्या काळी ही कल्पनाही धाडसी होती. परंतु विजेला ग्राहक ठरलेला होता, पाणी कोसळण्याची उंची मोजता येत होती आणि धरणाची भिंत किती उंच झाली हे भागधारकाला जाऊन पाहता येत होते. धाडस होते, पण ते तपासणीला खुले होते. टाटांच्याच पुढील योजनेविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, हेही विसरता येत नाही. खासगी योजनेची किंमत भागधारकांबाहेरील लोकही मोजतात, याची ती साक्ष आहे.

बोरघाटातील लोहमार्गाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कर्जतच्या पायथ्यापासून खंडाळ्याकडे जाणारी ही चढण १८६३ मध्ये खुली झाली. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे आणि हजारो मजुरांचे मृत्यू असा तिचा इतिहास आहे. हे काम ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ या खासगी कंपनीचे होते. मात्र तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. नफा भागधारकांचा, हमी रयतेच्या करांची आणि मृत्यू मजुरांचे, अशी ती वाटणी होती. ‘खासगी’ हा शब्द वापरला की जोखीमही खासगी असते, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही.

अवकाशाच्या संदर्भात तर कायदाच तसे सांगतो. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार अशासकीय संस्थांच्या अवकाशकार्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी संबंधित राष्ट्रावर असते आणि त्याने त्या कार्यास परवानगी देणे व त्यावर सतत देखरेख ठेवणे आवश्यक आहे. म्हणजे मंगळावर चार जण अडकले आणि कंपनी बुडाली, तर प्रश्न अखेर शासनाच्या, पर्यायाने करदात्यांच्या दारात येणार. योजनेच्या प्रसिद्धीपत्रकांत या मुद्द्याला स्थान नव्हते.

संमतीचा प्रश्न

‘जाणारे स्वखुशीने जात आहेत, मग इतरांनी आक्षेप का घ्यावा?’ हा या योजनेच्या समर्थनार्थ सर्वाधिक केला जाणारा युक्तिवाद आहे. तो सहज बाजूला सारता येत नाही. कारण सज्ञान व्यक्तीच्या निर्णयाचा आदर हे आधुनिक नीतीचे मूलतत्त्व आहे. तथापि संमतीला मूल्य केव्हा प्राप्त होते, याचा विचार करावा लागेल.

कर्जत-खालापूर परिसरातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर कामास जातात. त्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती घेताना कोणी हात पिरगाळत नाही; आजारपण, लग्न, रिकामी कणगी यांमुळे कुटुंब स्वतःच ती मागते. परंतु एकदा उचल घेतली की काम सोडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बंधन, करार केलेला असला तरीही, रद्द ठरविले. एका दिवशी दिलेला होकार पुढील सर्व दिवसांचे स्वातंत्र्य गहाण टाकू शकत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांतही सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी माघार घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे.

कातकरी मजूर व मंगळयात्रेचा अर्जदार यांची परिस्थिती सारखी नाही, हे उघड आहे. एकाला दारिद्र्य लोटते, दुसऱ्याला कीर्ती खेचते. परंतु दोघांच्या होकारानंतर त्यांच्या नकाराला अर्थ राहत नाही, हे साम्य महत्त्वाचे आहे. माघारीचा हक्क काढून घेतल्यावर उरते ती संमती नव्हे, तर संमतीची नोंद. शिवाय होकार देणाऱ्याला कशाची माहिती होती, हाही प्रश्न आहे. श्वासोच्छ्वासाची यंत्रणाच सिद्ध झालेली नसताना अर्जदार ज्याला संमती देत होता ते वास्तव होते की जाहिरात, हे ठरविणे कठीण आहे.

मदतीचे अंतर

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि माती हातांनी उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, राष्ट्रीय आपत्ती दलासह सर्व यंत्रणा हाताशी असताना, केवळ शेवटच्या चढणीमुळे ही स्थिती झाली.

या घटनेची मंगळाशी तुलना करण्यात दुःखाला उणे लेखण्याचा हेतू नाही. मदत ही यंत्रांपेक्षाही वाटेवर अवलंबून असते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. मंगळाकडे जाण्यास सहा ते नऊ महिने लागतात व निघण्याची संधी सव्वीस महिन्यांतून एकदा येते. हाक दिल्यावर तिचा संदेश पोहोचावयासच तीन ते बावीस मिनिटे जातात. चार माणसांच्या वसाहतीत एकाचा पाय मोडला, तर एक चतुर्थांश मनुष्यबळ निकामी होते. ही माणसे वृद्ध होतील तेव्हा त्यांची शुश्रूषा कोण करील, शेवटी उरलेल्या एकट्या व्यक्तीचे काय, या प्रश्नांना योजनेत पुरेसे उत्तर नव्हते.

काही आक्षेपांचा विचार

पूर्वीचे दर्यावर्दी व स्थलांतरितही परतीची खात्री नसताना निघाले, असे म्हटले जाते. एकोणिसाव्या शतकात कोकणातील मराठी मजूर गिरमिटावर मॉरिशसला गेले व अनेक जण तेथेच राहिले, हे खरे आहे. परंतु सुरुवातीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद असे. शिवाय तेथे श्वास घेण्यास हवा, पिण्यास पाणी व शेजारी माणसे होती. त्यांच्या राहण्यात निवडीचा अंश होता.

दुसरा आक्षेप बलिदानाचा. ध्येयासाठी प्राण देणे थोर असेल, तर मंगळासाठी का नाही? माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी ‘आझाद दस्त्या’च्या माध्यमातून मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले व २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. परत न येण्याची शक्यता त्यांना ठाऊक होती. मात्र मृत्यू हा त्यांच्या कार्याचा धोका होता, कार्यक्रम नव्हता. आणि त्यावर कोणाचे प्रक्षेपण-हक्क नव्हते. धोका पत्करणे व परतीची वाट आधीच काढून टाकणे यांत नैतिक अंतर आहे. संशोधनासाठी पहिली गोष्ट पुरेशी असते.

समारोप

‘मार्स वन’ पैशांअभावी बंद पडली, हे तिच्या अर्जदारांचे सुदैव म्हणावे लागेल. तंत्राच्या कसोटीवर तिचा स्वस्ताईचा दावा टिकत नाही, अर्थकारणाच्या कसोटीवर ती प्रेक्षकांच्या लहरीवर माणसांचा श्वास अवलंबून ठेवते आणि नीतीच्या कसोटीवर ती माघारीचा हक्क नाकारते. यांपैकी पहिली उणीव काळाच्या ओघात कदाचित भरून निघेल. उरलेल्या दोन केवळ अधिक शक्तिशाली अग्निबाणाने भरून निघणाऱ्या नाहीत. म्हणून यापुढे अशी योजना मांडली जाईल, तेव्हा संस्था बुडाल्यास पुरवठा कोण करील आणि निघालेल्यास परत यावेसे वाटल्यास काय, हे दोन प्रश्न प्रथम विचारले गेले पाहिजेत.

हे प्रश्न विचारण्याची सवय लावणे हे महाविद्यालयीन अध्यापनाचे काम आहे. ग्रामीण व आदिवासी भागातून आलेल्या विद्यार्थ्याने मंगळाचे स्वप्न पाहू नये, असा याचा अर्थ नाही. त्याने ते अवश्य पाहावे. विज्ञान मंडळाच्या सभेत एखादी चकचकीत बातमी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा उत्साह शिक्षकाने मोडू नये. त्याच्यासोबत बसून प्राणवायूचा, वजनाचा आणि पैशांचा हिशेब मांडावा. हिशेब जुळला तर स्वप्न अधिक बळकट होईल. न जुळला तर निदान विद्यार्थी अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी थांबेल.